नेट नेटाने चालवायचं तर

हॅम म्हणजे परवाना काढून हौसेने बोलणारे रेडिओवाले, आणि ठरलेल्या वेळी एका चॅनलवर जमून पाळीपाळीने बोलायची त्यांची बैठक म्हणजे नेट. रिपीटर म्हणजे एकाचं बोलणं घेऊन सगळ्यांना जोरात पुन्हा ऐकवणारा, उंचावरचा सेट. प्रश्न असा आला आहे: "पुण्यात आम्ही पंधरा जणांनी हॅम रेडिओचा छोटा क्लब काढला. निम्मे नव्या परवान्याचे. दर रविवारी रात्री नऊला रिपीटरवर नेट सुरू केलं. पहिल्या रविवारी तेरा जण आले, सहाव्या रविवारी चार, त्यातले दोघे नवरा-बायको. एका नेटचं रेकॉर्डिंग सोबत पाठवतोय. काय चुकतंय?"

सहाव्या आठवड्याला चार जण उरले म्हणजे तुमचं नेट अगदी रीतसर चाललंय. बहुतेक नेट्स याच वाटेने जातात. आमचं दोनदा बंद पडलं, एकदा दुसऱ्या महिन्यात आणि एकदा ऐन पावसाळ्यात. तिसऱ्यांदा सुरू केलेलं अजून चालू आहे. मधल्या काळात ना आमचे सेट बदलले, ना अँटेना उंच झाल्या. आम्ही आवरतं घ्यायला शिकलो, एवढंच.

रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं. नेट एक तास बावीस मिनिटं चाललं. सुरुवातीचं निवेदनच साडेचार मिनिटं, आणि त्यात क्लबचा इतिहास, जो मुळात तीन महिन्यांचा आहे. नऊ वाजून सहा मिनिटांनी कोंढव्याच्या एका नव्या मुलाने चेक-इन केलं, म्हणजे हजेरी लावली. त्याला बोलायची पाळी आली दहा वाजून अकरा मिनिटांनी. नेट कंट्रोलने, म्हणजे नेट चालवणाऱ्याने, तीन हाका मारल्या, उत्तर आलं नाही, मग "सिग्नलचा काहीतरी प्रॉब्लेम दिसतोय" म्हणून ते पुढे गेले. सिग्नल उत्तम होता हो. पोरगा जेवायला गेला, आणि पुढच्या रविवारी तो आलाच नसणार.

तेव्हा पहिलं काम घड्याळाचं. नऊला सुरू, नऊ पस्तीसला बंद. पंधरा जण धरा, प्रत्येकी दीड मिनिट म्हणजे साडेबावीस मिनिटं. हाका, लॉग आणि रिले (ज्याचा आवाज पोहोचत नाही त्याचं बोलणं दुसऱ्याने पुढे सांगणं) यांना दहा-बारा. बसतं. ज्यांना गप्पा मारायच्या आहेत त्यांना नेट बंद झाल्यावर अख्खी रात्र मोकळी आहे, आणि खऱ्या गप्पा तेव्हाच रंगतात. पण ज्याला उठायचंय त्याला नऊ पस्तीसला अपराधी न वाटता उठता आलं पाहिजे.

वारही बदला. रविवारी रात्री माणूस सोमवारच्या तयारीत असतो. आम्ही गुरुवार धरला, आणि त्यामागे पुणेरी कारण आहे: देखभालीसाठी वीज जायचा वार. दिवसभरात कुणाची ना कुणाची वीज गेलेली असते, इन्व्हर्टर अर्धा उतरलेला असतो, त्यामुळे "आज सगळ्यांनी बॅटरीवर" असं सांगितलं की तो सराव खोटा राहत नाही. यूपीएसमध्ये असते तसली बारा व्होल्ट सात अँपिअर-अवरची बॅटरी कमी पॉवरवर अख्खं नेट आरामात काढते. नुसतं ऐकताना साधारण अर्धा अँपिअर, बोलताना तीन-चार, आणि आपण बोलतो किती, तर दोन मिनिटं. हे एकदा प्रत्येकाने स्वतः मोजून नेटवर सांगायला लावा. एक गुरुवार त्यातच छान जातो.

आता निवेदन. माझं एवढंच असतं: "शुभ संध्याकाळ. हे क्लबचं गुरुवारचं नेट. नेट कंट्रोल व्हिक्टर युनिफॉर्म टू अमुक, पौड रोडवरून. कुणाकडे तातडीचा निरोप असेल तर आत्ता सांगा." (व्हिक्टर युनिफॉर्म म्हणजे व्ही-यू, आपल्या कॉलसाइनची सुरुवात; कॉलसाइन म्हणजे परवान्यावरची ओळख.) मग बटण सोडायचं आणि पाच सेकंद गप्प. सेकंदकाट्याकडे बघून मोजा, मनातले पाच सेकंद दोनच भरतात. बाकी सूचना, वाढदिवस, पुढच्या परीक्षेची बातमी हे सगळं मध्ये कुठेतरी एकेक वाक्यात.

त्या पाच सेकंदांबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण तुमच्या रेकॉर्डिंगमधला निम्मा गोंधळ तिथलाच आहे.

तुम्ही बटण दाबता तेव्हा रिपीटरला आधी तुमचा टोन (बोलण्याखालून जाणारा ओळखीचा सूर) ओळखायचा असतो, मग त्याचा ट्रान्समीटर उठतो, मग ऐकणाऱ्याच्या सेटचा स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर बंद ठेवणारं दार) उघडतो. एवढ्यात अर्धा-पाऊण सेकंद जातो आणि तेवढ्यातलं बोलणं हवेत विरतं. तुमच्याकडचे निम्मे लोक "टर युनिफॉर्म थ्री" म्हणून चेक-इन करतायत. त्यांचा "व्हिक" कुणी कधी ऐकलाच नाही. बटण दाबा, श्वास घ्या, मग बोला. सोडतानाही तसंच. शेवटचा शब्द पूर्ण होऊ द्या.

दुसरं म्हणजे डबल होणं. एफएमचा स्वभाव असा की दोघे एकदम बोलले तर जोरदार सिग्नल दुसऱ्याला गिळतो. दोघे सारखेच असले तर नुसती किंकाळी ऐकू येते. त्यामुळे टेकडीसमोर राहणाऱ्या, गच्चीवर अँटेना असलेल्या माणसाला कधी कळतच नाही की त्याने रोज कुणाला तरी झाकलं. आणि झाकला जाणारा नेहमी तोच असतो: भाड्याच्या खोलीतून पाच वॉटच्या हँडीवर, म्हणजे हातात मावणाऱ्या सेटवर, बोलणारा विद्यार्थी. यावर उपाय जुना आहे आणि फुकट आहे. "मी बोलतोय" एवढं म्हणून बटण सोडायचं, क्षणभर ऐकायचं, चॅनल मोकळा असला तरच कॉलसाइन द्यायचा. तीन आठवडे नेट कंट्रोलने स्वतः तसं करून दाखवलं की बाकीचे आपोआप करतात. सूचना देऊन कुणी करत नाही.

हाकांचा क्रम तुम्ही उलटा लावलाय. आधी ज्येष्ठ, मग पदाधिकारी, मग बाकीचे. सत्कार समारंभात ठीक आहे. नेटवर सगळ्यात आधी तातडीचा निरोप, मग गाडीतून बोलणारे (बोगद्यात शिरायच्या आत), मग ज्यांचे सिग्नल कमजोर आहेत ते, म्हणजे दिवे घाटापलीकडचे, सासवडकडचे, इमारतींच्या आड अडकलेले. जोरदार सिग्नलवाले शेवटी. कारण कमजोर माणसाला रिले लागतो, आणि रिले देणारी मंडळी नेटवर हजर असतानाच त्याचं काम उरकायला हवं. जोरदारांची पाळी आधी झाली की ते चहाला उठतात, आणि सासवडचा माणूस एकटा खरखरत राहतो.

ज्येष्ठांचा प्रश्न नाजूक आहे, तो टाळून चालणार नाही. आमच्याकडे एक काका होते, मोर्सचे उस्ताद, पण बोलायला लागले की थांबत नसत. आमच्या रिपीटरचा टायमर तीन मिनिटांचा. काका एकदा आपल्या पहिल्या व्हॉल्व्ह सेटची हकिकत सांगत होते. तीन मिनिटांनी रिपीटरने त्यांना तोडलं. बटण दाबलेलं असताना आपल्याला काही ऐकू येत नाही, त्यामुळे त्यांना पत्ताच नाही. आम्ही सगळे शांत चॅनलवर थांबलेलो, आणि काका आपल्या खोलीत एकटे सांगतायत. बऱ्याच वेळाने त्यांनी क्षणभर बटण सोडून पुन्हा दाबलं, तेव्हा रिपीटर उघडला आणि आवाज आला, "...तर असं झालं ते. ओव्हर." कुणी हसलं नाही. नेट कंट्रोलवर असलेल्या मुलीने शांतपणे सांगितलं, "काका, पहिली तीन मिनिटं मिळाली. उरलेली गोष्ट नेट संपल्यावर पुन्हा ऐकायचीय, सगळे थांबतायत." आणि खरोखर सात जण थांबले. तेव्हापासून काका नेटवर एक मिनिटात आवरायचे आणि नंतर तासभर बोलायचे.

त्या मुलीच्या बोलण्यावरून घेतलेलं एक वाक्य मी तेव्हापासून वापरतो: "हा विषय नेटनंतर, मी थांबतोय." शेवटचे दोन शब्द महत्त्वाचे. ते नुसते म्हणून भागत नाही, थांबावं लागतं.

नेट कंट्रोल कोण असावा? ज्याला बोलायला आवडतं त्याला शक्यतो नको. बसल्या जागी ऐकणारा, पेन्सिल हातात धरणारा माणूस हवा. चार जणांची पाळी लावा, प्रत्येकाला महिन्यातून एकदाच येईल अशी. आणि दर वेळी एक बदली नेट कंट्रोल, दुसऱ्या भागातला, वेगळ्या वीजवाहिनीवरचा. मुख्य माणूस अचानक गप्प झाला तर दहा सेकंद थांबून बदलीने न विचारता सूत्रं घ्यायची. आम्ही वर्षातून दोनदा मुद्दाम, कुणाला न सांगता, मधेच सेट बंद करतो आणि बघतो.

लॉगची वही. मी शंभरपानी आडवी वही वापरतो, संगणकाला नाही म्हणत नाही पण बॅटरीवरच्या सरावात वही चालू राहते. पहिल्या रकान्यात वेळ, मग कॉलसाइनचा शेवटचा भाग, नाव, भाग, सिग्नल कसा, आणि शेवटी एक छोटा रकाना: काय म्हणाला, दोन-तीन शब्दांत. "कोएक्स बदलली." "मुलीची बारावी." पुढच्या गुरुवारी त्याची पाळी आली की विचारायचं, नव्या कोएक्सने (अँटेनापर्यंतच्या केबलने) फरक पडला का? शॉर्टवेव्हच्या लॉगमध्ये आपण जागतिक वेळ लिहितो, रात्री नऊ म्हणजे १५:३०. स्थानिक नेटच्या वहीत सरळ आपली वेळ लिहा, उगाच डोक्याला ताप नको. आणि शुक्रवारी पाच मिनिटं काढून, सलग दोन वेळा न आलेल्याला फोन करा. "आला का नाहीस" असं न विचारता, "सेट ठीक आहे ना?" असं विचारा. आमच्याकडे गळालेल्यांपैकी बहुतेकांची अडचण अशी काहीतरी निघाली: सोसायटीने गच्चीवरची अँटेना उतरवायला लावली. रेडिएशन म्हणे. त्याच गच्चीवर मोबाइलचा टॉवर भाड्याने उभा असतो, ते सोडा. अशांना गॅलरीच्या कठड्याला बांधायची गुंडाळी-अँटेना करून द्या. १४५ मेगाहर्ट्‌झला पाव तरंगलांबी साधारण अर्धा मीटर भरते. पट्टीकेबलचा (दोन तारांच्या चपट्या केबलचा) तुकडा, पीव्हीसीची काठी आणि एक रविवार पुरतो. आरसीसीच्या भिंतीआड हँडीच्या रबरी अँटेनावर बसून कुणी नेट ऐकत नाही, नुसता वैतागतो.

नव्यांसाठी आमचा एक अलिखित नियम आहे. पहिल्यांदा आलेल्याला फक्त तीनच गोष्टी सांगायच्या असतात: कॉलसाइन, नाव, कुठून. त्याला दुसरा प्रश्न विचारायचा नाही. "वेलकम, नीट ऐकू येतंय, पुढच्या गुरुवारी भेटू," संपलं. वयाची बारा वर्षं झाली की परवान्याची परीक्षा देता येते, त्यामुळे आवाज कधी कधी फार लहान असतो. त्याच्यावर चार काकांनी एकदम "शाब्बास बाळ" करून तुटून पडू नये. परीक्षा पास झाली पण परवाना हातात आलेला नाही अशांनी बटणाला हात लावायचा नाही, पण ऐकायला काही बंदी नाही. त्यांना कामाला लावा. कोण कसा ऐकू आला याची यादी नेटनंतर फोनवर मागवा. आमच्या भागाचा सगळ्यात नेमका नकाशा अशाच एका ऐकणाऱ्या मुलाने केला.

भाषा मराठी असायला काहीच हरकत नाही. कॉलसाइन मात्र कायम अल्फा-ब्राव्होच्या ठरलेल्या शब्दांतच. आणि आकडे! आपले मराठी आकडे घरात गोड लागतात, रेडिओवर घात करतात. त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर. खरखरीत तिन्ही सारखे. आमच्या निरोपाच्या सरावात एकदा कागदावर होतं, "साठ चादरी, सात सतरंज्या." तीन ठिकाणांहून रिले होऊन शेवटच्या माणसाने लिहून घेतलं, "सात चादरी, साठ सतरंज्या." सगळे प्रामाणिकपणे ऐकत होते. तेव्हापासून आकडा सुटा: "सहा शून्य चादरी." निरोप वाचताना आधी एकूण शब्द किती ते सांगायचं, मग घेणाऱ्याने शब्द मोजून पोच द्यायची, मोजणी जुळली नाही तर निरोप पोहोचला नाही असं धरायचं. महिन्यातून एका गुरुवारी असा वीस शब्दांचा एक निरोप फिरवा. एकच. जास्त केलेत तर शाळा होते.

हे सगळं कशासाठी, असं कॉलेजची मुलं विचारतात. मी त्यांना अंदमानचं सांगतो. डिसेंबर २००४मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हौशी रेडिओवाल्यांची तुकडी पोर्ट ब्लेअरला गेली होती, ती जगभरच्या लोकांशी नुसते संपर्क करायला. २६ तारखेला त्सुनामी आली, आणि त्याच माणसांनी त्याच सेटवरून बेटांची खबरबात आणि निरोप द्यायला सुरुवात केली. आदल्या दिवसापर्यंत ते हाकांच्या गर्दीतून एकेक कॉलसाइन वेगळा काढून लिहीत होते, तेच कान कामी आले. आणि पुण्यात २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तो काही तासांत. तसल्या रात्री कुणी निरोप पोहोचवायला सांगितलाच, तर नेटवर कधी निरोप न वाचलेला माणूस तिथे शिकायला बसणार आहे का?

रिपीटरवर फार विसंबू नका. तिमाहीतून एखाद्या रविवारी सकाळी साडेसातला सिम्प्लेक्स नेट घ्या, थेट सेट ते सेट. सपाट जमिनीवर दहा मीटर उंचीच्या अँटेनाचं क्षितिज साधारण तेरा किलोमीटर; समोरचाही तेवढाच उंच असेल तर सव्वीस. पण पुणं सपाट नाही. कोथरूड आणि पाषाणच्या मध्ये वेताळ टेकडी आडवी आहे, आणि हाकेच्या अंतरावरचे दोघे एकमेकांना ऐकत नाहीत. मजा अशी की रविवारी सकाळी निम्मं पुणं टेकडीवरच असतं. वेताळ टेकडीवर फिरायला गेलेला एक हँडीवाला मिळाला तरी दोन्हीकडचं ऐकून रिले देतो. कुणी सिंहगडावर गेला असेल तर काय विचारता. गड समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरच्या वर, शहर साडेपाचशेच्या आसपास. दिशा मोकळी असली तर पाच वॉटवर शंभर किलोमीटरच्या गोष्टी होतात. पिठलं-भाकरीच्या रांगेत उभं राहून चेक-इन करणाऱ्याला आम्ही नेहमी पहिला नंबर देतो, नियमात बसत नसलं तरी. (शिवनेरीकडे क्लबची सहल काढलीत तर एक भान ठेवा: नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटरच्या तीस तबकड्या अवकाशातले अतिक्षीण रेडिओ सिग्नल ऐकत बसलेल्या असतात, आणि त्यांच्या ऐकण्याच्या पट्ट्यात आपला टू मीटरही (वर आलेला १४५चा पट्टा) येतो. तेवढ्या भागात सेट बंद.)

नागपूर-कोल्हापूरच्या मित्रांना घ्यायचं असेल तर चाळीस मीटर या शॉर्टवेव्हच्या पट्ट्यावर महिन्यातून एक नेट, सकाळी ऊन चांगलं वर आल्यावर. वीस मीटर तार, मधोमध कोएक्स, आणि ती फार उंच नको; सहा-सात मीटरवर बांधली की सिग्नल सरळ वर जाऊन परत खाली येतो, जवळच्यांना तोच हवा. रात्री हाच बँड लांब जातो, कोल्हापूर गायब होतं आणि भलतेच देश ऐकू येतात. एप्रिल-मेमध्ये वळिवाच्या दिवसांत कडकडाटाशिवाय काही हाती लागत नाही, ते दोन महिने सुट्टी दिली तरी चालेल. आकाशात वीज दिसली की कोएक्स सेटमधून काढून खिडकीबाहेर, नेट कंट्रोलची परवानगी न विचारता.

धंद्याचं बोलणं, जाहिरात, राजकारणाची भांडणं, गाणी, हे परवान्यातच बसत नाही, तेव्हा कुणी घसरला तर नियमाकडे बोट दाखवा, वाद घालू नका. विषय आटत असतील तर आठवडाभर आधी एक प्रश्न कळवून ठेवा, ज्याला प्रत्येकजण एका वाक्यात उत्तर देऊ शकेल: तुमच्या खिडकीतून कुठली टेकडी दिसते? यावर आमचं सगळ्यात चांगलं नेट झालं होतं.

बंद करताना उपस्थितांची संख्या सांगा, पुढच्या आठवड्याचा नेट कंट्रोल जाहीर करा, चॅनल मोकळा झाल्याचं सांगा. पण सेट लगेच बंद करू नका. गेल्या श्रावणात मी नऊ पस्तीसला नेट बंद केलं आणि वही मिटत होतो, तेवढ्यात रिपीटर दोनदा उघडला आणि मिटला. आवाज नाही, नुसतं बटण. खोडी समजून सोडून देणार होतो. मग म्हटलं, "ज्यांनी आत्ता बटण दाबलं, त्यांना माझा रिपोर्ट: सिग्नल उत्तम. मी इथेच आहे, घाई नाही." जवळजवळ अर्धं मिनिट काहीच नाही. मग एका दमात, न थांबता, कॉलसाइन, नाव, "धनकवडी" आणि लगेच बटण सोडल्याचा खट्ट आवाज. वही पुन्हा उघडली. त्या पानावर शेवटची नोंद रेघेच्या खाली आहे, नऊ अडतीसची.